फुकटचं नेट आणि तुरीच्या शेंगा

सेनगावच्या बसस्टँडसमोर आमचं दुकान होतं, आणि दुकानात एक पत्र्याचा बोर्ड होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, बाबांनी स्वतः ब्रशनं काढलेली. शेवटच्या ओळीला जागा कमी पडली म्हणून तिथली अक्षरं एकमेकांना चिकटून बसली होती. वर इंटरनेटचा तासाचा भाव, खाली फॉर्म भरण्याचा, प्रिंटचा, टायपिंगचा, आणि त्या चिकटलेल्या ओळीत लिहिलं होतं, 'भाव सर्वांना सारखा. कृपया ओळख सांगू नये.' लोक हा बोर्ड वाचून हसत आणि हसून झालं की ओळख सांगत. कुणी पाहुण्यातला निघे, कुणी सरपंचाचा साडू, कुणी बाबांच्या शाळेतला. बाबा सगळ्यांना चहा पाजत आणि भाव मात्र बोर्डावरचाच लावत. चहाचा खर्च धरला तर पुष्कळदा तोटाच होत असेल, पण ते त्यांना चालायचं. चहा त्यांनी आपणहून पाजलेला असे. सवलत मागून घेतलेली असती, आणि मागण्याशी त्यांचं जुनं वैर होतं.

ते वैर पुसेगावचं. आजोबा तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी, दिगूभाऊंच्या वाडवडिलांकडे, सालगडी होते. पाडव्याला वर्षभराच्या चाकरीचं साल ठरायचं, आणि सुगी झाली की ठरलेल्या धान्यावर आणखी चार पायल्या 'घेऊन जा' म्हणून पायरीवर ओतल्या जायच्या. हातात कुणी देत नसे. आमच्या माणसांच्या हाताला हात लागू नये, एवढी काळजी तेव्हा गाव घेत असे. बाबा लहानपणी आजोबांच्या मागं फडकं पसरून उभे राहिलेले. पुढं ते टायपिंग शिकले आणि तहसीलसमोर झाडाखाली मशीन घेऊन बसले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर भाव लिहून तो झाडाला टांगला. एका पानाला इतके. पाटील आला तरी तितकेच आणि आमच्या वस्तीतला आला तरी तितकेच. टायपिंगचे दिवस संपले, मशीन गेलं, कॉम्प्युटर आले. पुठ्ठ्याचा पत्रा झाला. समतेवरची भाषणं मी पुढं पुष्कळ ऐकली, एकदोन स्वतःही केली, पण समता म्हटलं की मला अजून तो निळा पत्राच आठवतो.

दुकानाच्या मागं एकच खोली, तेच आमचं घर. मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे नेट जोडताना मोडेमची किरकिर, लाईट गेली की यूपीएसचा पीं पीं आवाज, बाहेर 'हिंगोली हिंगोली' करून ओरडणारे जीपवाले. पडद्याच्या पलीकडे मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. कुणी परदेशातल्या भावाला ईमेल लिहीत बसलेलं असायचं आणि त्याच्या नाकाशी अंबाडीच्या भाजीचा वास जायचा. मायची जवसाची चटणी तर गिऱ्हाइकांना पाठ झाली होती. जवस तव्यावर तडतडायला लागले की कॉम्प्युटरवरची माणसं माना वळवत. भाजलेले जवस, लसूण, सुकी मिरची, जाडं मीठ, आणि उखळात ती कुटायची इतक्या नेटानं की टेबलावरचा माऊस हलायचा. मी तेव्हा बारावी होऊन हिंगोलीच्या कॉलेजात जाऊ लागले होते. सकाळी जीपनं जायचं, दुपारी येऊन दुकानात बसायचं. त्या दुकानावर माझं कॉलेज चालत होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग सेनगावात फुकटचं नेट आलं.

आधी कंपनीचा माणूस आमच्याकडेच आला होता. गळ्यात पट्टा, पायात टोकदार बूट. सरकारी फोनची लाईन सोडा, आमची घ्या, छतावर छत्री बसवून देतो, सहा महिने एक पैसा घेणार नाही, तुम्हीही गिऱ्हाइकाला फुकट द्या, सगळा तालुका तुमच्या दारात उभा राहील, असं तो एका दमात म्हणाला. बाबांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "अन् सातव्या महिन्यात?" हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो म्हणाला, "तोवर लोकांना सवय लागते ना." बाबा म्हणाले, "सवय लावून पैसे घ्यायचा धंदा आपल्या गावात हाय, पण त्याला लायसन लागतंय." शेजारचे झेरॉक्सवाले रशीदचाचा खुर्चीतून पडायचे राहिले. कंपनीचा माणूस बूट वाजवत निघून गेला, आणि पंधरवड्याच्या आत त्याची छत्री रस्त्यापलीकडच्या दिगूभाऊंच्या ऑफिसवर चढली.

हे दिगूभाऊ त्याच पुसेगावच्या घरातले, बाबांच्याच वयाचे. शेती भावाकडे, आणि हे पंचायत समितीच्या तयारीत. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांच्या लग्नाला हजर. कंपनीला तालुका हवा होता, दिगूभाऊंना मतं हवी होती, आणि लोकांना नेमकं काय हवंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं; पण फुकट आहे म्हटल्यावर ते हवंसं झालं. उद्घाटनाला मांडव पडला. दिगूभाऊ स्वतः रस्ता ओलांडून बाबांना बोलवायला आले. "उत्तम्या, ये बरं का. तुझ्या लाईनीतलंच काम हाय." बाबा गेले, पेढा खाऊन आले आणि बोर्डावरची धूळ पुसत बसले.

मग आमचं दुकान ओस पडलं. कॉम्प्युटरवर मायनं विणलेली झाकणं चढली, ती दिवस दिवस उतरेनात. मी जुनी वर्तमानपत्रं वाचून काढली, जाहिरातींसकट. रशीदचाचा सल्ला द्यायचे, "उत्तमभाई, अर्धा घंटा तुम भी फुकट करो. पब्लिक अंदर तो आयेगी." माय पडद्याआडून म्हणायची, "भाव कमी करा म्हणते मी. निम्मे करा. बोर्ड काय देवानं लिहिलाय का?" बाबा म्हणायचे, "मी लिहिलाय, म्हणूनच." यावर माय भाकरी जरा जास्त जोरात थापायची. शेवटी दुकानाच्या मालकानं थकलेल्या भाड्याचा निरोप पाठवला, आणि बाबांनी एका संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं की पाडव्यापर्यंत बघू, न्हाई तर पुसेगाव. पाडव्याला पुसेगावात साल ठरतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कॉलेजचं कुणी नाव काढलं नाही, पण मायनं माझ्या ताटात चटणी दुसऱ्यांदा वाढली, त्यावरून मला काय ते कळलं.

कंपनीच्या माणसानं सगळा हिशेब मांडला असणार, फक्त आमच्या भागातली माणसं त्यात धरली नव्हती. आमच्याकडे कुणाचं फुकट घेऊन कुणी गप्प बसू शकत नाही. शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालून जाते. शेतात पहिलं काही निघालं की ते ओळखीच्या घरी पोचवायचं, त्याला वानवळा म्हणतात. तेव्हा नेट फुकट मिळू लागल्यावर लोकांना चैन पडेना. पहिल्या आठवड्यात कुणीतरी दिगूभाऊंना मेथीच्या जुड्या आणून दिल्या. दिगूभाऊ खूश. दुसऱ्यानं भोपळा आणला. मग हरभऱ्याचे घाटे, ओल्या तुरीच्या शेंगा, बोरं, एकानं तर कोंबडा आणला, तो प्रिंटरवर बसायचा. ऑफिसात शिरलं की आठवडी बाजारात शिरल्यासारखं वाटायचं. रशीदचाचा रोज उगाच चक्कर मारून यायचे आणि आज काय आवक झाली ते आम्हाला सांगायचे.

आता जो मेथी घेऊन आला तो आणि जो तुरीचं पोतं घेऊन आला तो, यांना सारखा वेळ कसा द्यायचा? पोतंवाला बसला की बसला. दिगूभाऊ त्याला ऊठ म्हणू शकत नव्हते, पोतं तिथंच कोपऱ्यात दिसत असे. मग मेथीवाला दुसऱ्या दिवशी भोपळा आणायचा. फुकटाला असा हळूहळू भाव फुटला, आणि तो आमच्या बोर्डावरच्या भावाच्या कितीतरी वर गेला. कॉलेजची पोरं, मजुरांची पोरं, ज्यांच्याकडे आणायला काही नव्हतं, ती ऑफिसच्या पायरीवर दुपारभर बसून राहायची आणि मग रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची. ज्यांच्याकडे शेत नव्हतं त्यांना फुकट परवडेना. पण अशी पोरं कितीशी येणार? दुकान मरत नव्हतं, इतकंच.

आणि मग नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. दुपारी मी नुकतीच जीपमधून उतरले होते. दारात दिगूभाऊ उभे, मागं त्यांची अश्विनी, हातात फाईल, डोळे रडून लाल. दिगूभाऊंच्या हातात शेंगांनी भरलेली टोपली. ते आत आले, झाकण घातलेले कॉम्प्युटर बघितले आणि जरा खाली आवाजात म्हणाले, "उत्तम्या, पोरीचा फॉर्म भरून दे रे. आज शेवटचा दिस हाय."

बाबांनी विचारलं, "काहून? तुमच्याकडं मशीन हायेत की."

"हायेत ना. एकावर पाव्हणे कुस्त्या बघून राहिले सकाळपासून. पोतं आणलंय त्यायनं. दुसऱ्यावर गुरुजी हायेत, तिसऱ्यावर गुरुजीचा मेव्हणा. कसं उठवू सांग." आणि मग इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. "अरे, घरात मेथी खाऊन खाऊन माणसं कटाळली. मंडळी बोलत न्हाई माझ्याशी. फुकट दिलं अन् माझ्या मानेवर समद्या तालुक्याचं ओझं झालं."

मी फॉर्म भरायला घेतला. लाईन त्या दिवशी सगळीकडेच गर्दीची होती, पान उघडता उघडत नव्हतं, अश्विनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. माझ्याच वयाची होती ती. सेनगावात राहायला येण्याआधी पुसेगावात एकाच शाळेत होतो आम्ही, आणि एकमेकींच्या घरी कधी गेलो नव्हतो. माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की हिचा फॉर्म अडकला तर बरं होईल. आलं तसं गेलंही. फॉर्म भरला, पावती निघाली, अश्विनीनं ती दोन्ही हातांनी धरली.

दिगूभाऊ उठले. बाबा म्हणाले, "फॉर्मचे अन् एका प्रिंटचे."

दिगूभाऊ हसले. "अरे, आपल्यात काय पैसे?"

मी बाबांकडे पाहिलं. 'आपल्यात' हा शब्द त्या घरातून आमच्यासाठी पहिल्यांदा निघाला होता, आणि तो नेमका पैसे द्यायच्या वेळेला. बाबा शांतपणे म्हणाले, "बोर्डावर लिव्हलंय भाऊ." दिगूभाऊंनी बोर्ड वाचला, खालच्या चिकटलेल्या ओळीसकट, आणि खिशात हात घातला. पैसे देऊन ते निघाले तेव्हा मला वाटतं त्यांना बरं वाटत होतं. त्या महिन्यात त्यांनी केलेला तो एकच मोकळा व्यवहार असावा. पण जाताना टोपली मात्र त्यांनी दुकानाच्या पायरीवर ठेवली. मुद्दाम नव्हे. हाताला पिढ्यांची सवय, ती पायरी शोधते.

बाबांचा चेहरा असा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. म्हणाले, "करुणा, ती टोपली त्यायच्या ऑफिसात नेऊन टाक. आत्ताच्या आत्ता." मी उठले, तेवढ्यात पडदा सारून माय आली. तिनं पायरीवरून टोपली उचलली, एक शेंग फोडली, दाणे बघितले. "चांगल्या भरल्यात," म्हणाली.

"पायरीवर ठेवल्यात त्यानं," बाबा म्हणाले.

"पाह्यलं मी. पण माझ्या घरातून रिकामी टोपली जायची न्हाई. ती भरून गेली की मग बघू कोन पायरीवर हाय ते."

संध्याकाळी तिनं शेंगा मीठ घालून उकडल्या. पातेल्याचं झाकण उघडलं तसा तो हिरवट गोडसर वास दुकानभर पसरला. रशीदचाचा वासानं आले आणि मोठ्या कौतुकानं टरफलं सोलत बसले. बाबा तोंड फिरवून बसले होते. मग त्यांनी एक शेंग घेतली, मग ओंजळ भरून घेतली, आणि खाताना भुवया मात्र शेवटपर्यंत वर ठेवल्या. आजही तुरीच्या उकडलेल्या शेंगा खाताना माझ्या भुवया आपोआप वर जातात. माझा पोरगा हसतो, म्हणतो, आई, शेंगांवर राग काढते का?

दुसऱ्या दिवशी मायनं जवसाची चटणी केली. स्टीलच्या डब्यात ती दाबून भरली, डबा टोपलीत ठेवला आणि मला म्हणाली, "हातात द्यायचं. खाली ठेवायचं न्हाई." पुसेगावच्या जीपमध्ये मी टोपली मांडीवर घेऊन बसले. दिगूभाऊंच्या दारात त्यांच्या मंडळी धान्य पाखडत होत्या. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेव तिथं," आणि पायरीकडे बोट केलं.

"माय म्हणली, काकूच्या हातात दे."

त्या थांबल्या. सुपातलं धान्यही थांबलं. मी टोपली पुढं धरून उभी. माझे हात भरून आले, पण मी खाली बघितलं नाही. आतून अश्विनी आली, दारात थबकली, पण पुढं झाली नाही. हे आईचं काम होतं, तिचं नव्हतं. मग काकूंनी हात पदराला पुसले आणि टोपली घेतली. माझ्या बोटांना त्यांच्या बांगड्या लागल्या. डबा टोपलीसकट घेऊन त्या आत गेल्या.

त्यानंतर मायची वाट बघणं सुरू झालं. डबा परत येईना. ती तसं बोलून दाखवत नसे, नुसती विचारायची, "तो मोठा डबा कुठं गेला बाई?" जणू तिला आठवत नव्हतं. बाबा म्हणायचे, "गाईला घातली असंल चटणी. गाय तिखटानं पळाली असंल, तिच्या मागं डबा शोधायला गेले असतील." माय हसायची नाही. त्या दिवसांत मला दुकानापेक्षा डब्याचीच काळजी जास्त लागली होती, आणि दुकान तर पाडव्याच्या दिशेनं सरकतच होतं.

मग कंपनीचे सहा महिने भरले. टोकदार बुटांचा माणूस आला, दिगूभाऊंच्या हातात बिल देऊन गेला. दिगूभाऊंनी बिचकत बिचकत दारावर भाव लिहिला, आमच्यापेक्षा थोडा कमीच. आणि जे झालं ते मी पडद्याजवळ उभी राहून ऐकलं, रस्त्याच्या या बाजूपर्यंत आवाज येत होता. पोतंवाले पाव्हणे ओरडत होते, "पैसे? कशाचे पैसे? आमी काय फुकट वापरलं का इतके दिस?" मेथीवाला, भोपळेवाला, कोंबडेवाला, सगळ्यांचं तेच. त्यांच्या हिशेबानं सगळं फिटलेलं होतं, उलट दिगूभाऊंकडेच येणं निघत होतं. कोंबडा तर एकानं परत मागितला, तो संपून महिना झाला होता. आठवड्याभरात छत्री उतरली. सवय मात्र लागली होती, त्यात कंपनीचा माणूस चुकला नव्हता. ती सवय घेऊन लोक रस्ता ओलांडून आमच्याकडे आले, झाकणं उतरली, आणि गुरुजींचा मेव्हणा पहिल्याच दिवशी काउंटरवर वाकून म्हणाला, "उत्तमराव, मी पुसेगावच्या..." बाबांनी बोटानं शेवटची ओळ दाखवली.

पुढं काही वर्षांनी फुकटची लाट मोठी आली, देशभराची, प्रत्येकाच्या खिशात. तिला मेथी नेऊन द्यायची सोय नव्हती. ती देणारा कुठं राहतो हेच कुणाला माहीत नव्हतं. मग आमचंही नेट बसलं. बाबा फॉर्म भरून देतात अजून, कारण फोन असून फॉर्म कुणाला भरता येत नाही. पण ते नंतरचं.

त्या पाडव्याला आम्ही पुसेगावला गेलो नाही. सकाळी मालक स्वतः येऊन साखरेची गाठी देऊन गेला. दुपारी अश्विनी आली. तिचा नंबर लागला होता, नांदेडला निघाली होती. तिच्या हातात आमचा डबा. घासून लख्ख केलेला, आणि जड. तिनं तो थेट मायच्या हातात दिला आणि म्हणाली, "आईनं दिलाय. चटणी कवाच संपली, पण नवे जवस निघायची वाट बघत व्हती."

ती गेल्यावर मायनं झाकण काढलं. आत काठोकाठ कच्चे जवस होते, निवडलेले, चकचकीत.

बाबा डब्यावर वाकले. मग म्हणाले, "बघ. पुन्हा कामाला लावलं त्या घरानं. आता भाज अन् कूट. बोर्डावर चटणीचा भाव लिहू का?"

माय दाणे हातात घेऊन बोटांतून सोडत होती. पुन्हा घेत होती, पुन्हा सोडत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"खाल्ली त्यायनं," ती म्हणाली, आणि तवा चुलीवर ठेवला.